अंगणवाडीचे बहुभाषिक साहित्य तपासायचे कोणी?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

२०२५च्या उन्हाळ्यात पहिलीपासून तिसरी भाषा असावी की नसावी, या प्रश्नावरून महाराष्ट्र ढवळून निघाला. १६ एप्रिल आणि १७ जूनचे शासन निर्णय २९ जून रोजी मागे घेतले गेले, डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि वृत्तपत्रांचे रकाने कित्येक आठवडे त्याच विषयाने भरलेले राहिले. त्या साऱ्या चर्चेत, निदान माझ्या वाचनात तरी, अमरावती जिल्ह्यातील मेळघाटच्या, म्हणजे धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतील, मुलांचा उल्लेख आला नाही. ही मुले घरात कोरकू बोलतात, आठवडी बाजारात आणि एसटीत हिंदी ऐकतात आणि तीन वर्षांची होऊन अंगणवाडीत आली की मराठीला सामोरी जातात. पहिलीच्याही तीन वर्षे आधी त्यांच्या वाट्याला तिसरी भाषा येते आणि ती भाषा मराठी असते. याबद्दल कोणी मोर्चा काढावा असे माझे म्हणणे नाही; परंतु या मुलांसाठी शासनाच्या पैशाने जे बहुभाषिक साहित्य तयार होते, ते कसे तयार होते आणि कोण तपासते, याकडे आपल्या वाचकांचे व संबंधित विभागांचे लक्ष वेधावे, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

एकात्मिक बालविकास सेवा योजनेत पर्यवेक्षिका म्हणून मी नोकरी केली आणि निवृत्तीनंतर आदिवासी भाषांतील पूर्वप्राथमिक साहित्याच्या समीक्षणासाठी मला अधूनमधून बोलावले गेले. या अनुभवातून माझे एक ठाम मत झाले आहे. असे साहित्य तयार करण्यासाठी आता धोरण आहे आणि निधीही आहे. ते तपासण्यासाठी मात्र स्वतंत्र पैसा नाही, पुरेसा वेळ नाही आणि तपासणाऱ्याला ‘हे छापू नका’ असे म्हणण्याचा अधिकारही नाही. जोवर समीक्षण हे निविदेतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत शेवटचे काम राहील, तोवर मातृभाषेतून शिक्षण हे पुस्तकाच्या मलपृष्ठापुरतेच राहील.

धोरणाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. भाषिक अल्पसंख्य समाजातील मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय असावी, असे सांगणारा ३५०-क हा अनुच्छेद १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीने संविधानात आला. शिक्षण हक्क कायद्याच्या २९व्या कलमातही व्यवहार्य असेल तेथवर मुलाच्या मातृभाषेचा आग्रह आहे. २०२०चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, ऑक्टोबर २०२२मध्ये आलेला पायाभूत स्तराचा राष्ट्रीय आराखडा आणि २०२४मध्ये केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आणलेला ‘आधारशिला’ हा अभ्यासक्रम, या सर्वांची दिशा एकच आहे. अंगणवाडी केवळ खाऊ वाटण्याची जागा राहू नये, तेथे शिक्षणही व्हावे, यासाठी मे २०२३मध्ये ‘पोषण भी पढाई भी’ हा उपक्रम सुरू झाला. आदिवासी घटक कार्यक्रमाचा निधी आहे, जिल्हा नियोजन समित्यांकडे पैसा आहे, केंद्र-राज्य साठ-चाळीसच्या वाटणीतून येणारा पैसा आहे. नोव्हेंबर २०२३मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेतून विशेष असुरक्षित आदिम जमातींच्या वस्त्यांवर नव्या अंगणवाड्या उभारायच्या आहेत आणि महाराष्ट्रात या जमाती म्हणजे कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. इमारत उभी राहील, भिंतीही रंगतील. त्या भिंतींवर आणि सेविकेच्या हातातील पुस्तकात कोणती भाषा असेल, हे कोणीतरी ठरवणारच आहे.

ते ठरवणे सोपे नाही, हे मान्य करावे लागेल. २०११च्या जनगणनेनुसार राज्यातील अनुसूचित जमातींची लोकसंख्या १ कोटी ५ लाखांवर, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ९.३५ टक्के आहे. त्यांच्या भाषा एका कुळातील नाहीत. भिली, पावरी, मावची, वारली आणि कातकरी या मराठी-गुजरातीच्या नात्यातल्या. गोंडी आणि कोलामी द्राविडी कुळातल्या, म्हणजे तेलुगू-कन्नडच्या नात्यातल्या. तर कोरकू ही संताळी आणि मुंडारी यांच्या कुळातली, मुंडा भाषांपैकी सर्वांत पश्चिमेकडची. त्याच जनगणनेत देशभरात भिली गटाच्या भाषिकांची संख्या १ कोटी ४ लाख, गोंडीची सुमारे २९ लाख ८४ हजार, कोरकूची ७ लाख २७ हजार आणि कोलामीची १ लाख २८ हजार अशी नोंदली गेली. यांतील एकही भाषा आठव्या अनुसूचीत नाही. आदिवासी भाषांपैकी संताळी आणि बोडो या दोनच भाषा त्या यादीत आहेत. आपल्या बालभारतीची पुस्तके मराठीखेरीज हिंदी, उर्दू, गुजराती, कन्नड, तेलुगू, सिंधी अशा माध्यमांतून निघतात, त्यामागे १९६७पासूनचा अनुभव आहे आणि त्या प्रत्येक भाषेत लिहिणारे, तपासणारे, मुद्रितशोधन करणारे लोक राज्यात आहेत. कोरकूसाठी किंवा माडियासाठी अशी फळी उभी करण्याचे काम अजून झालेले नाही आणि एका निविदेने ती उभी राहत नाही.

आता प्रत्यक्षात काय घडते ते पाहावे. एका योजनेच्या कामात मी जे पाहिले ते सांगते. ती योजना वा त्यातील संस्था यांची नावे घेण्याचे कारण नाही, कारण दुसरीकडेही थोड्याफार फरकाने तेच घडते, असे सहकाऱ्यांशी बोलताना कळले. निधी मंजूर होऊन निविदा निघते तोवर हिवाळा सरत आलेला असतो. तांत्रिक लिफाफा उघडतो, मग आर्थिक लिफाफा उघडतो, सर्वांत कमी दराच्या निविदाकाराला कार्यादेश मिळतो आणि पुस्तके, तक्ते, चित्रकार्डे व सेविकेची मार्गदर्शिका हे सारे मार्चअखेर पुरवायचे असते, कारण त्यानंतर निधी परत जातो आणि उपयोगिता प्रमाणपत्र देता येत नाही. निविदाकार बहुधा मुद्रक असतो. त्याच्याकडे मराठी मजकूर आणि चित्रे तयार असतात. तो मजकूर भाषांतरासाठी एखाद्या शिक्षकाकडे व्हॉट्सअ‍ॅपवर जातो, शिक्षक तो हाताने लिहून त्याचे छायाचित्र पाठवतो आणि शहरातील डीटीपी चालक, ज्याला त्या भाषेचे एक अक्षरही कळत नाही, तो ते टंकतो. अनुस्वार, काना, मात्रा कोठे पडल्या हे पाहणारा मध्ये कोणी नसतो. मग नमुना प्रत समितीपुढे येते.

त्या समितीच्या एका बैठकीचे टिपण माझ्याकडे आहे. कागद किती जीएसएमचा आहे, आवरणाला लॅमिनेशन आहे का, बोधचिन्ह योग्य जागी आणि योग्य आकारात आहे का, मान्यवरांची छायाचित्रे शिष्टाचाराच्या क्रमाने आहेत का, पिनबांधणीच्या पिना मुलांना लागणार नाहीत ना, या सर्व बाबींची काटेकोर तपासणी झाली आणि ती व्हायलाच हवी होती. भाषेबद्दल टिपणात एकच वाक्य आहे: भाषांतर संबंधित शिक्षकाकडून प्रमाणित करून घेतले आहे. म्हणजे ज्याने भाषांतर केले त्यानेच ते बरोबर असल्याचे लिहून दिले. इमारतीच्या कामात कंत्राटदारालाच मोजमाप पुस्तिका भरायला दिली तर लेखापरीक्षक काय म्हणतील, याची कल्पना करावी.

या पद्धतीतून काय निसटते ते कोरकूच्याच उदाहरणाने सांगते. मराठीत एकवचन आणि अनेकवचन आहे. कोरकूत त्यांच्या जोडीला द्विवचनही आहे. दोन माणसे किंवा दोन जनावरे असली की नामाचे रूप वेगळे आणि त्याहून अधिक असली की वेगळे. मराठीतील ‘एक–अनेक’ हा तक्ता जसाच्या तसा भाषांतरित केला की त्यातील दोन कुत्र्यांच्या चित्राखाली बहुतेक वेळा चुकीचे रूप पडते. चार वर्षांच्या कोरकू मुलाला हा भेद न शिकवता येत असतो आणि आपण त्याच्या भाषेतील पहिलेच पुस्तक त्याच्यापुढे चुकीचे ठेवतो. अक्षरतक्त्याचे तर भाषांतर होऊच शकत नाही. चित्र तेच ठेवून शब्द बदलला की आद्याक्षर बदलते, आणि आद्याक्षर तेच ठेवायचे तर चित्र बदलावे लागते. तरीही एका तक्त्यावर कमळाचे चित्र, ‘क’ हे अक्षर आणि त्याखाली ‘क’ने सुरू न होणारा शब्द असे मी स्वतः पाहिले आहे. बडबडगीतांचे तेच. मराठी गाण्याचा अर्थ दुसऱ्या भाषेत आणला की ताल जातो, आणि ताल गेला की तीन वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने त्यात उरते काय? वास्तविक प्रत्येक पाड्यावर मुलांना झोपवायची, खेळवायची, चिडवायची गाणी आहेत आणि ती सांगणाऱ्या आज्या अजून आहेत. ती गोळा करणे हे साहित्यनिर्मितीचे पहिले काम असावे. निविदेत या कामासाठी रकाना नसतो.

चित्रांबद्दल थोडे वेगळे म्हणावेसे वाटते. सोफा, फ्रिज, वाढदिवसाचा केक आणि चौकातील सिग्नल अशी चित्रे मेळघाटातील मुलांपुढे ठेवू नयेत, हे आता बहुतेकांना पटले आहे. परंतु त्याची भरपाई म्हणून प्रत्येक पानावर धनुष्यबाण, मोरपिसे आणि नृत्याची रांग काढण्याची जी पद्धत पडू लागली आहे, तीही तितकीच खोटी आहे. आजच्या कोरकू मुलाच्या अंगणात मोहफुले वाळत असतात आणि शेजारी मोटारसायकलही उभी असते. कुटकी शिजते आणि मामाच्या हातात मोबाइलही असतो. चित्रकाराने एकदा गावात जाऊन दोन दिवस राहावे, एवढ्याने हा प्रश्न सुटण्यासारखा आहे. दुर्दैवाने चित्रकाराचा प्रवासखर्च हाही निविदेत नसतो.

आणखी एक बाब मला अधिक मूलभूत वाटते. तीन ते सहा वर्षांचे मूल वाचत नाही. ते ऐकते, बोलते, हाताळते, विचारते. त्यामुळे या वयाच्या बहुभाषिक साहित्यात छापील आदिवासी मजकुराचे महत्त्व आपण समजतो तेवढे नाही. महत्त्व आहे ते सेविका मुलांशी कोणत्या भाषेत बोलते याला आणि तिच्या हाती असलेले साहित्य त्या बोलण्याला किती मदत करते याला. सेविका त्याच गावची असावी असा नियम असल्याने कोरकू गावात ती बहुतेक वेळा कोरकू बोलणारीच असते. शाळेत बदलीवर आलेल्या शिक्षकाला जी भाषा येत नाही ती तिला जन्मापासून येते. म्हणजे बहुभाषिक शिक्षणातील सर्वांत अवघड अट अंगणवाडीत आधीच पुरी झालेली आहे. तरीही तपासणीस आलेला अधिकारी मुलांना रंगांची आणि फळांची मराठी नावे विचारतो, म्हणून ती बिचारी वर्षभर मुलांकडून तीच घोकून घेते. तिच्या मार्गदर्शिकेत, गोष्ट आधी कोरकूत सांगा, मुलांना कोरकूत प्रश्न विचारा, मग त्याच गोष्टीतील चार शब्द मराठीत आणा, पुढच्या आठवड्यात तीच गोष्ट मराठीत ऐकवा, असे स्पष्ट लिहिलेले असेल आणि पर्यवेक्षिकेच्या भेटीच्या नमुन्यात त्याला जागा असेल, तर निम्मे काम झाले. शब्द नसलेली चित्रपुस्तके, गावातील वस्तूंची कार्डे आणि आज्यांच्या आवाजातील ध्वनिमुद्रणे यांवर पैसा खर्च व्हावा. गोंडी मसराम लिपीत लिहावी, गुंजाला लिपीत लिहावी की देवनागरीत, हा वाद मला क्षुल्लक वाटत नाही, त्यामागे एका समाजाचा आत्मसन्मान आहे. मात्र तो वाद सुटेपर्यंत तीन वर्षांच्या मुलांचे साहित्य अडवून ठेवण्याचे कारण नाही, कारण त्या मुलांना अद्याप कोणतीच लिपी वाचायची नाही.

हे सर्व ओडिशासारख्या राज्याने केव्हाच सुरू केले आहे, हे येथे सांगितले पाहिजे. त्या राज्याने वीस वर्षांपूर्वी प्राथमिक शाळांत संताळी, सौरा, कोया, जुआंग अशा दहा भाषांतून बहुभाषिक शिक्षणाचा आरंभ केला, पुढे भाषांची संख्या वाढवली आणि अंगणवाड्यांसाठीच्या ‘नुआ अरुणिमा’ या अभ्यासक्रमाचे साहित्यही आदिवासी भाषांत तयार केले. तेथेही सर्व सुरळीत आहे असे नाही. परंतु त्या भाषा बोलणाऱ्या शिक्षकांना लेखनाच्या टेबलाशी बसवून मजकूर घडवण्याची रीत तेथे पडली. छत्तीसगडने २०२२मध्ये पहिलीच्या मुलांची घरची भाषा कोणती, याचे राज्यभर सर्वेक्षण करून घेतले. आपल्याकडे मी ज्या नोंदवह्या हाताळल्या त्यांत मुलाचे वजन, उंची, जात, लसीकरण हे सर्व होते. घरी कोणती भाषा बोलतात याचा रकाना नव्हता. तो नसल्यामुळे एका तालुक्यासाठी एक भाषा असे गृहीत धरले जाते. नंदुरबार जिल्ह्यात धडगावकडे पावरी, नवापूरकडे मावची आणि सपाटीवर अहिराणी असताना ‘भिली’ नावाचे एकच पुस्तक तिन्हीकडे पाठवून कसे चालेल? मेळघाटातही एकाच अंगणवाडीत कोरकू आणि गवळी अशा दोन्ही समाजांची मुले असतात. सेविकेने दरवर्षी एका रकान्यात एक शब्द लिहिला, तर कोणत्या गावी काय पाठवायचे हे ठरवणे सोपे होईल आणि यासाठी वेगळा निधी लागणार नाही.

महाराष्ट्राला याबाबतीत दुसऱ्यांकडून शिकावे लागावे, याची खंत मात्र वाटते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले, तेव्हा वारली मुलांसाठी त्यांनी शंखशिंपले, बिया, पाने आणि दगडगोटे यांतून शिक्षणाचे साहित्य घडवले; मुले येत नाहीत म्हणून अंगणवाडीच पाड्यावर नेली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. तेथे साहित्याची तपासणी रोज होत असे, कारण ते घडवणारी व्यक्ती आणि वापरणारे मूल एकाच अंगणात होते. आज राज्यात एक लाख दहा हजारांवर अंगणवाड्या आहेत. त्या शंखशिंपल्यांवर चालतील असे कोणी म्हणणार नाही आणि छपाई, निविदा, लेखापरीक्षण हे सारे लागणारच. प्रश्न इतकाच, की घडवणारा आणि वापरणारा यांच्यात जे अंतर पडले आहे ते समीक्षणाने भरून काढायचे, तर त्या समीक्षणासाठी शासन काय देणार आहे?

माझी पहिली सूचना अशी आहे की, मजकूर घडवण्याचे काम आणि छपाईचे काम यांच्या निविदा वेगळ्या असाव्यात. छपाई ही वस्तूची खरेदी आहे. तेथे किमान दराचा नियम योग्य आहे. गाणी-गोष्टी गोळा करणे, लिहिणे, चित्रे काढणे आणि गावात वापरून पाहणे ही सेवा आहे आणि केंद्राच्या २०१७च्या सामान्य वित्तीय नियमांतही सल्लासेवांसाठी गुणवत्ता आणि किंमत यांना मिळून गुण देण्याची पद्धत मान्य आहे. दोन्ही कामे एका पाकिटात घातली की मुद्रक जिंकतो आणि भाषा त्याच्या नफ्यातून वजा होते. वेगळी केली तर मजकूर शासनाच्या मालकीचा राहील, त्याच्या संगणकीय प्रती खुल्या ठेवता येतील, चूक आढळल्यास पुढच्या छपाईत दुरुस्त करता येईल आणि खंडवा, बऱ्हाणपूर, बैतुल या पलीकडच्या कोरकूबहुल जिल्ह्यांनाही तो वापरता येईल. आज फाइल मुद्रकाकडे राहते आणि दोन वर्षांनी तेच काम नव्या कार्यादेशाने पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

दुसरे म्हणजे समीक्षणासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्ष असावे आणि समीक्षकांत सेविका, मदतनीस, त्या भाषेतून बोलणाऱ्या वयस्क स्त्रिया आणि निदान दोन वेगळ्या भागांतील भाषक असावेत. त्यांना त्या दिवसाचा मोबदला आणि प्रवासखर्च रोख हिशेबाने मिळावा. सेविकांना ‘तुमच्याच भाषेचे काम आहे’ म्हणून फुकट राबवून घेण्याची रीत मला मान्य नाही. शहरातील तज्ज्ञाला मानधन आणि तिला चहाबिस्कीट, हे मी पाहिले आहे. भाषांतर करणाऱ्याने स्वतःचे काम प्रमाणित करू नये. मजकूर दुसऱ्या भाषकाने मोठ्याने वाचावा, तिसऱ्याने तो ऐकून मराठीत सांगावा आणि ते मूळ हेतूशी ताडून पाहावे. त्यानंतर नमुना प्रती काही अंगणवाड्यांत तीन-चार आठवडे प्रत्यक्ष वापरल्या जाव्यात, कारण कोणत्या पानावर मुले हसतात, कोणत्या पानावर गप्प होतात, कोणते चित्र त्यांना ओळखू येत नाही, हे बैठकीच्या खोलीत बसून कळत नाही. समीक्षकांची नावे पुस्तकात छापावीत. बालभारती आपल्या पुस्तकांत मंडळांची आणि समित्यांची नावे देते, त्यामुळे जबाबदारी कोणाची हे वाचणाऱ्याला कळते. आदिवासी भाषांतील साहित्यात ही नावे क्वचितच दिसतात.

आणि समीक्षणाला देयकाशी जोडावे. आज देयकाचा शेवटचा हप्ता पुरवठ्याच्या पोचपावतीवर मिळतो. तो समीक्षकांच्या लेखी अहवालावर आणि त्यातील दुरुस्त्या झाल्याच्या खात्रीवर मिळावा. अहवाल प्रतिकूल असेल तर छपाई थांबवण्याचा अधिकार प्रकल्प अधिकाऱ्याला असावा आणि तो वापरल्याबद्दल निधी अखर्चित राहिल्याचा ठपका त्याच्यावर येऊ नये. ही शेवटची अट सर्वांत अवघड आहे, हे मी जाणते, कारण आपल्या व्यवस्थेत चुकीचे पुस्तक वेळेत छापणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही आणि बरोबर पुस्तकासाठी तीन महिने मागणाऱ्याला मात्र नोटीस येते.

यावर दोन आक्षेप हमखास घेतले जातात. लहान भाषांसाठी इतका खर्च परवडत नाही, हा पहिला. धारणी आणि चिखलदरा मिळून अंगणवाड्या काही शेच आहेत. तेवढ्या प्रतींचा छपाईखर्चच मर्यादित असतो आणि समीक्षणाचा खर्च त्याहूनही कमी येतो, तोही एकदाच. न वापरता कपाटात पडून राहिलेल्या संचांची किंमत मात्र कोणत्याही हिशेबात दाखवली जात नाही. दुसरा आक्षेप पालकांचा असतो आणि तो मी हलका मानत नाही. आमच्या भाषेत शिकवाल तर आमची मुले मागेच राहतील, त्यांना इंग्रजी शिकवा, असे कोरकू बाप स्पष्ट बोलून दाखवतो. त्याला आकडेवारी ऐकवून उपयोग नसतो. साहित्य खरोखर द्विभाषिक असेल, कोरकूतून सुरू होऊन मूल सहाव्या वर्षी मराठीत गोष्ट सांगू लागलेले त्याला दिसेल, तरच त्याचा विश्वास बसेल. आणि तसे होण्यासाठी दोन्ही भाषा नीट असलेले पुस्तक लागते. अर्धेकच्चे भाषांतर त्याच्या हाती पडले तर त्याची शंकाच खरी ठरते, हे आपण लक्षात घेत नाही.

राहिला प्रश्न वेळापत्रकाचा. मेळघाटात पावसाळ्यात कित्येक गावांचा रस्ता तुटतो आणि दिवाळीनंतर बरीच कुटुंबे कामासाठी बाहेर पडतात, ती होळीला परततात. जानेवारी-फेब्रुवारीत, म्हणजे आज जेव्हा नमुना प्रती घाईने तपासल्या जातात नेमके तेव्हा, पुष्कळ अंगणवाड्यांत मुलेच कमी असतात. म्हणून मजकुराचा कार्यादेश एप्रिल-मेमध्ये निघावा, पाऊस सुरू होण्यापूर्वी गाणी-गोष्टींचे संकलन व्हावे, लेखन आणि चित्रे पावसाळ्यात व्हावीत आणि प्रत्यक्ष चाचणी पोळा ते दिवाळी या काळात घ्यावी, जेव्हा मुले गावात असतात आणि रस्तेही बहुतेक खुले झालेले असतात. दुरुस्त्या हिवाळ्यात होतील, छपाईची वेगळी निविदा जानेवारीत निघेल, मार्चअखेर पुरवठाही होईल आणि निधी परत जाणार नाही. येत्या आर्थिक वर्षाच्या कृती आराखड्यात महिला व बालविकास आणि आदिवासी विकास या दोन्ही विभागांनी निदान एका भाषेसाठी हा क्रम वापरून पाहावा आणि समीक्षकांचे अहवाल संकेतस्थळावर प्रसिद्ध करावेत, अशी माझी आपल्या पत्राद्वारे विनंती आहे.

आपली,
एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील एक निवृत्त पर्यवेक्षिका,
परतवाडा, जि. अमरावती